दहापैकी दहा

"आजही कोडं चुकीचंच छापलंय."

हे वाक्य माझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर उच्चारलं गेलं. मी शिलाई मशीनवर बसलेली असते आणि शेजारच्या खुर्चीत, खिडकीतला उजेड माझ्याशी निम्मा-निम्मा वाटून घेऊन, माझे सासरे वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवत असतात. आडवे नऊ चौकोन, उभे नऊ चौकोन. पूर्वी माझी एक बाही जोडून होईतो त्यांचं कोडं सुटलेलं असायचं. आता माझा अख्खा फ्रॉक होतो, काज-बटणं होतात, आणि मग हे वाक्य येतं.

वर्तमानपत्राने सलग अकराव्या दिवशी कोडं चुकीचं छापलं होतं.

"हल्ली छपाईकडे लक्षच नसतं कुणाचं," मी सुईत दोरा ओवत म्हणाले.

"संपादकांना पत्र लिहितो."

"लिहा ना."

आधीची दोन पत्रं माझ्या मशीनच्या खणात, रिळांच्या खाली होती. पोस्टात टाकते म्हणून घेतली होती. तिसरंही तिथेच गेलं.

माझे सासरे सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांना सगळे सर म्हणतात. दूधवाला म्हणतो, त्यांचा मुलगा म्हणजे आमचे हे म्हणतात; सासूबाई होत्या तोवर त्यासुद्धा "सर, चहा झालाय" असंच म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, आपण तरी काहीतरी घरगुती हाक मारावी. पण मी दहावीला गणितात दोनदा नापास झालेली मुलगी. (ही गोष्ट लग्न जमवणाऱ्यांनी "मुलगी शिवणात फार हुशार आहे" अशा शब्दांत सांगितली होती.) समोर गणिताचे मास्तर उभे राहिल्यावर माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. पुढे वाचायची गोडी मला माझी मी लागली, ग्रंथालयाची निम्मी कपाटं मी संपवली, पण गणिताचं कपाट आलं की मी पदर सावरून पुढे जायची.

तर, सर चुकत होते. हे मी आता तीन शब्दांत लिहिते आहे. तेव्हा आमच्या घरातली माणसं आठ महिने या तीन शब्दांना वळसा घालून चालत होती, नुकत्याच पुसलेल्या फरशीला घालतात तसा. हे म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंबर बदलून आणला. लेक म्हणाली, हल्ली कोडीच अवघड देतात. ती कॉलेजात इतिहास शिकते, तिचा आकड्यांशी संबंध सनावळीपुरता. शेजारच्या सिस्टरकाकू चाळीस वर्षं मोठ्या इस्पितळात परिचारिका होत्या. माणूस जिना कसा चढतो यावरून त्याचं कुठलं हाड कुरकुरतंय ते सांगतात. त्यांनी एक दिवस सरांकडे बराच वेळ पाहिलं. आता ह्या काहीतरी बोलणार म्हणून मी श्वास रोखला. काकू म्हणाल्या,

"अक्रोड देत जा."

दिले. सरांनी ते वाटीत मोजून घेतले. सहा म्हणाले. आठ होते.

मग लेकीने शोध लावला. "आई, आजोबांना हुशार पाटी आणू या. माझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ दिवसभर तिच्यावर गणितं सोडवतो. जेवायलाही उठत नाही."

"हे चांगलं लक्षण आहे का?"

"सराव, आई. मेंदूला सराव."

हुशार पाटी आली. पुस्तकाएवढी, काळी, काठाला पिवळा रबर. आपटली तरी फुटू नये म्हणून. सोबत एक जाड लेखणी. पाटी रोज दहा गणितं घालते. उत्तर लेखणीने तिच्यावरच लिहायचं. बरोबर आलं की गोड आवाजात शाबासकी देते, आणि संध्याकाळी दिवसाचा निकाल सांगते. चुकलेली गणितं त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पुन्हा सोडवून गुण वाढवता येतात. ही शेवटची सोय ज्या कुणी केली, त्या माणसाला आमच्या घरात पुढे काय काय झालं याची कल्पना नसणार.

पहिली ठेच लागली ती नाव नोंदवताना. पाटीला वय हवं होतं. वयांची यादी बोटाने सरकवायची होती. यांनी सरकवली, सरकवली, आणि यादी चौदा वर्षांवर येऊन थांबली. त्याच्या पलीकडे माणसं असतात हे पाटीला मान्यच नव्हतं.

"चौदा टाक," हे म्हणाले. "एवढं कोण बघतंय."

हे पाणीपुरवठा कार्यालयात आहेत. एवढं कोण बघतंय या तत्त्वावर त्यांची एकवीस वर्षं सुखाने गेली आहेत.

शाळेचं नाव सक्तीचं होतं. सरांची स्वतःची शाळा टाकली. इयत्ता नववी. पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं यावर दोघंही बाप-लेक माझ्याकडे बघू लागले, म्हणून माझं. पालकाचं शिक्षण या रकान्यात सर्वांत खालचा पर्याय "पदवीधर" होता. मी बोट अधांतरी धरून बसले. लेकीने माझ्या हाताखालून हात घालून ते दाबलं आणि म्हणाली, "अभिनंदन, आई." घरातलं एकही माणूस त्यावर हसल्यावाचून राहिलं नाही.

पहिल्या दिवशी सर दोन तास पाटीवर वाकून बसले. मग पाटी मऊ आवाजात म्हणाली, "दहापैकी दोन. हरकत नाही हं बाळा. पुन्हा प्रयत्न कर."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मला बाळा म्हणाली?"

"सगळ्यांनाच म्हणते, सर."

"दोन?"

त्याच क्षणी माझ्या फोनवर पालकांसाठीचा निरोप आला : 'आपल्या पाल्याला आज थोडा त्रास झाला. त्याला रागावू नका. प्रेमाने जवळ घ्या.' मी फोन उशीखाली सरकवला. सासऱ्यांना प्रेमाने जवळ घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी चहा टाकला.

पाच वाजता सर फिरायला गेले. रोज पाच ते सहा जातात. कोपऱ्यावरच्या बागेला चार फेऱ्या. पाटी खुर्चीत पडली होती. मी मशीनवर बसून तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. चुकलेली आठ गणितं तांबड्या चौकटीत लुकलुकत होती. पहिलंच अपूर्णांकाचं होतं : साडेचार मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे? आता हे काय गणित झालं? हे तर माझं रोजचं काम. सहा झबली. मी लेखणी उचलून सहा लिहिलं. पाटी म्हणाली, "शाब्बास!"

बावन्न वर्षांत मला गणितासाठी कुणी शाब्बास म्हणालेलं नव्हतं. माझे कान लाल झाले. मी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि आणखी दोन सोडवली.

सर परत आले. पाटी म्हणाली, "दहापैकी पाच! छान प्रगती!" सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पाच," ते स्वतःशीच म्हणाले. त्या रात्री ते पोळी एक जास्त जेवले. माणूस एका पोळीसाठी काय काय करतो, हे ज्याने घरात म्हातारं माणूस सांभाळलं आहे त्याला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी तीन गणितं दुरुस्त केली, आणि निकाल आला सात. सरांची स्वतःची दोन आणि माझी तीन, सात कसे? तिसऱ्या दिवशी नऊ. मला वाटलं, सरांचं खरंच सुधारतंय. अक्रोड लागू पडले. चौथ्या दिवशी पाच वाजता मी पाटी शोधायला लागले तर ती जागेवर नाही. खुर्चीत नाही, कपाटावर नाही. तेवढ्यात न्हाणीघरातून अगदी बारीक आवाज आला, "शाब्बास!" आणि पाठोपाठ हे बाहेर आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं. केस कोरडे.

"अंघोळ?" मी विचारलं.

"अर्धी," हे म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना लेक आपल्या खोलीतून म्हणाली, "बाबा, तुमचं झालं असेल तर द्या ना, माझी दोन राहिलीत." आणि दार ढकलून सिस्टरकाकू आल्या, हातात रिकामी वाटी. गेले दोन दिवस त्या पाच वाजून गेले की साखर मागायला येत होत्या आणि साखर न घेताच जात होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडून लख्ख दिसलं.

अशा रीतीने आमचं मंडळ स्थापन झालं.

कामाची वाटणी सिस्टरकाकूंनी केली. इस्पितळात पाळ्या लावायची त्यांना सवय. टक्केवारी आणि प्रमाण काकूंकडे; आयुष्यभर वजनाप्रमाणे औषधाचे डोस काढलेली बाई, पेनही न उचलता उत्तर सांगायची. अपूर्णांक माझ्याकडे. त्रिकोण, वर्तुळं यांच्याकडे. क्ष आणि य लेकीकडे, कारण तिचं शिक्षण सर्वांत ताजं. पाच ते सहा हा एक तास, जेवणाच्या टेबलाभोवती, चौघांची डोकी एकमेकांना टेकलेली. मी खरं सांगते, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण यांच्याशी इतकं सलग बोलणं माझं त्याआधी कधी झालं नव्हतं.

अर्थात भांडणंही झाली. एकदा नळाचं गणित आलं : दोन नळ टाकी भरतात, तिसरा गळतो, टाकी किती वेळात भरेल? यांनी लेखणी खाली ठेवली.

"असं होतच नाही."

"काय होत नाही?"

"गळका नळ तसाच ठेवून टाकी भरत नाहीत. आधी तक्रारअर्ज. मग पाहणी. मग दुरुस्ती. आठ दिवस धर."

"बाबा, आठ दिवस लिहू का उत्तर?"

"खरं उत्तर तेच आहे," हे म्हणाले आणि फुगून बसले. शेवटी काकूंनी ते गणित सलाईनच्या बाटल्या समजून सोडवलं.

पण आम्ही एक गोष्ट लक्षात घेतली नाही. चार माणसांनी मिळून एका माणसाचं डोकं चालवलं की ते डोकं फारच चालतं. पाटीकडून सरांना दहापैकी दहा मिळू लागले. तिला वाटलं, अरे, हा मुलगा तर हुशार निघाला. तिने दहावीची गणितं घातली. तीही दहापैकी दहा. मग तिने सरांना 'गुणवंत' नावाच्या गटात टाकलं आणि गणितं अशी येऊ लागली की वाचतानाच घाम फुटावा. आता सरांचं एकही बरोबर येत नव्हतं, म्हणून आम्हाला दहाच्या दहा करावी लागत होती. आणि आम्ही दहाच्या दहा केली की पाटी आणखी वरची गणितं आणायची. मी ग्रंथालयातून दहावीचं गणित आणलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणाले, "पाल्यासाठी." खोटं काय होतं त्यात?

काही अडलं, की मी सरळ सरांनाच विचारायची. शिवणाचं निमित्त करून. एकदा अपूर्णांकाने भागायचं होतं. खालचा आकडा वर का जातो, हे मला सोळाव्या वर्षापासून कळलेलं नव्हतं. मारून-मुटकून पाठ केलेलं होतं आणि परीक्षेत ते मेलं उलटं आठवायचं. मी कापड पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "सर, दीड मीटर आहे. पाव-पावचे तुकडे हवेत. भागायचं कसं?"

सरांनी कापडावरून हात फिरवला. "भागायचं नाही," ते म्हणाले. "विचारायचं. दीड मीटरला विचार, बाई, तुझ्यात पाव किती वेळा बसतो? एका मीटरला विचार आधी."

"चार वेळा."

"म्हणजे पावाने भागलंस की चारपट होतं. उलटं-सुलटं काही नाही. तुकडा जितका लहान, तितका जास्त वेळा बसतो. एवढंच आहे ते."

मला रडू आलं. एवढंच होतं ते! एवढ्यासाठी दोनदा नापास झाले मी. मला सोळाव्या वर्षी हे सर मिळाले असते तर — पण मिळाले असते तर मी शिवण शिकले नसते, आणि "शिवणात हुशार" नसते तर या घरात आलेच नसते. गणितात असंच होतं, एक आकडा हलवला की सगळंच हलतं.

"म्हणजे दीड मीटरमध्ये किती?" सरांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोटांवर मोजायला लागले. ओठ हलत होते. पाढे त्यांना अजूनही तिसापर्यंत येतात. पावकी, निमकी, दीडकी, सगळी घडाघडा. फक्त ऐनवेळी हवा तो आकडा समोर येत नाही. बराच वेळ गेला. "पाच," ते म्हणाले.

मी सहा तुकडे कापले आणि त्यांच्यासमोर पाचच ठेवले. सहावा मशीनखाली पायाने सरकवला.

साठाव्या दिवशी पाटीने सगळ्यांदेखत बिगूल वाजवला. "अभिनंदन! तू विभागातल्या पहिल्या दहांत आलास!" माझ्या फोनवरही निरोप आला. गुणवंतांच्या यादीत आपल्या पाल्याचं नाव आहे. प्रत्यक्ष पडताळणीसाठी आमच्या प्रतिनिधी घरी येतील.

मंडळाची तातडीची बैठक न्हाणीघराबाहेरच्या बोळात झाली. सर आत होते.

"नाव मागे घ्या," काकू म्हणाल्या.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड मुलगी होती. "नाव मागे घेण्यासाठी कारण सांगा, ताई."

"त्यांची तब्येत बरी नसते."

"त्यांची म्हणजे? आपल्या मुलाची ना?"

"हो, हो. झोपलेत आता."

"ताई, तुम्ही मुलाला फारच मान देता हो," ती म्हणाली. "किती छान." मग तिने सांगितलं की नाव मागे घ्यायचं तर अर्ज लागेल, आणि अर्जासोबत विद्यार्थी त्याच शाळेत शिकतो असा शाळेचा दाखला.

हे दाखला आणायला सरांच्या जुन्या शाळेत गेले. तिथला कारकून सरांचाच विद्यार्थी निघाला. "सर नववीत आहेत असा दाखला देऊ?" तो म्हणाला. "साहेब, मी नववीत असताना सर होते, पण ते फळ्याच्या बाजूला होते." यांनी हात जोडले. कारकुनाने फार विचार करून, खोटं एक अक्षर न लिहिता दाखला दिला : 'सदर व्यक्ती या शाळेत सलग सदतीस वर्षे होती. वर्तणूक उत्तम.'

तो आम्ही अर्जाला जोडून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : 'शाळेचा दाखला मिळाला. आपल्या पाल्याचं नाव पक्कं करण्यात आलं आहे. त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटतं.'

सर या सगळ्यात काही बोलले नाहीत. मध्यंतरीचे बरेच दिवस ते काही बोलतच नव्हते. पाच आले तेव्हा हरखलेले सर, दहा येऊ लागल्यावर गप्प होत गेले होते. पाटी "दहापैकी दहा" म्हणाली की ते एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, कौतुक करावं अशी अपेक्षा असेल. मी म्हणायची, "वा, सर!" हे म्हणायचे, "वा!" सर पाटी बंद करून ठेवायचे. जास्तीची पोळी कधी बंद झाली ते माझ्याही लक्षात आलं नाही.

पडताळणीच्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सूनबाई, माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री आहे का?" शाळेत जाताना घालायचे तो शर्ट. आता गळ्याशी दोन बोटं सैल होतो.

कंपनीच्या बाई बरोबर अकराला आल्या. पस्तिशीच्या, हातात फाइल, चेहरा दमलेला आणि चांगला. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मुलगा कुठाय?"

आम्ही चौघांनी खुर्चीकडे पाहिलं.

बाईंनी कागद पाहिला. सरांना पाहिलं. पुन्हा कागद पाहिला.

"ती यादी चौदाच्या पुढे जातच नव्हती हो," हे म्हणाले.

आता या उठून जातील आणि आपण सुटू, असं मला वाटलं. पण काही माणसं ऐनवेळी नको तितकी चांगली निघतात. बाई हसल्या. "नियमात फक्त 'विद्यार्थी' एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला काय, दहा गणितं समोर सोडवून घ्यायची आहेत. बसा आजोबा. घाई नाही."

आता या प्रसंगासाठीही मंडळाने तयारी केली होती, हे मला लाजेने कबूल केलं पाहिजे. योजना खोकल्याची होती. काकूंच्या मते माणूस खोकला की त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. दशकाचा आकडा जितका तितक्यांदा खोकायचं, थोडं थांबायचं, मग एकक. खोकणार एकट्या काकू. बाकीच्यांनी शांत बसायचं.

पाटीने पहिलं गणित घातलं. सुरुवात म्हणून सोपं : एका रांगेत बारा झाडं, अशा सात रांगा. त्यांतली नऊ झाडं वाळली. उरली किती?

सरांनी लेखणी हातात घेतली. पाटीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं, जणू झाडं तिथे होती. पंख्याचा आवाज येत होता. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. लेखणीचं टोक पाटीवर टेकलं, पण आकडा उमटला नाही.

काकू खोकायला लागल्या. एक, दोन, तीन… सात. थांबल्या. पुढे पाच खोकायचे, तेवढ्यात यांना राहवलं नाही. बापाला असा अडलेला बघून कुणाला राहवतं? हेही खोकू लागले, आणि वाळलेली झाडं वजा करायला विसरले, म्हणून आठ वेळा खोकले. लेकीला वाटलं, बाबा चुकले, म्हणून ती आधीचं खोडून काढल्यासारखं मोठ्याने शिंकली आणि पहिल्यापासून खोकायला लागली. काकू आपलं मोजणं चुकल्या आणि पुन्हा सातपासून सुरू झाल्या. आणि मी — माझी काही पाळीच नव्हती — पण मीही खोकायला लागले.

"अहो, घरात सगळ्यांनाच?" बाई घाबरून उठल्या. "डॉक्टरांना दाखवलंत का?"

सरांनी लेखणी पाटीवर आडवी ठेवली. इतक्या हळू, की सगळे खोकले एकदम थांबले.

"बाई, तुम्ही बसा," ते म्हणाले. "यांना काही झालेलं नाही." आवाज वेगळाच होता. मी तो कधी ऐकला नव्हता, पण सदतीस वर्षांत शेकडो मुलांनी ऐकला असणार. "मी वर्गात पुष्कळ कॉप्या पकडल्या. या पाटीत वही म्हणून एक जागा आहे. रोज काय लिहिलं ते तिथे राहतं. तुमच्यापैकी कुणी ती उघडली नाही. मी रोज उघडतो. चार जणांची अक्षरं आहेत तिथे. माझं पाचवं."

कुणाची मान वर झाली नाही.

"मला वाटलं होतं, कुणीतरी सांगेल," सर म्हणाले. "रोज संध्याकाळी वाटायचं, आज सांगतील. तुम्ही आपले दहापैकी दहा देत राहिलात. आता मी एक प्रश्न घालतो. मी दोन महिने रोज गणितं चुकतोय. का चुकतोय?" त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "तू सांग."

"चष्मा, सर…" हे पुटपुटले.

"पुढे."

"पाटीतच काहीतरी बिघाड आहे आजोबा, ती नवीन—"

"पुढे."

सिस्टरकाकूंनी चाळीस वर्षांत किती नातेवाइकांना काय काय सांगितलं असेल. त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली.

मग सरांची नजर माझ्यावर आली. तसं गप्प राहून उत्तराची वाट बघणाऱ्या मास्तरांना मी सगळ्या शाळेत घाबरत आले. त्या शांततेत माझ्या तोंडून नेहमी चुकीचं उत्तर निघायचं, किंवा काहीच निघायचं नाही. पण सरांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते खरंच विचारत होते. आणि त्या खोलीत उत्तर ठाऊक नसलेलं कुणीच नव्हतं, सरांसकट.

"कारण सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "तुम्हाला आता गणित येत नाही."

पंखा फिरत होता. यांनी डोळे मिटून घेतले. मी कधी उठून उभी राहिले होते ते माझं मलाच कळलं नव्हतं. हात दोन्ही बाजूंना सरळ, वर्गात उभं करतात तसे.

सरांनी सुटल्यासारखा एक मोठा श्वास सोडला.

"बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."